फकिराची कफनी आणि सुभ्याची सनद

मेहकर, चिखली आणि सिंदखेड राजा या तीन गावांच्या दरम्यान, बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला साखरखेर्डा नावाचे गाव आहे. जिजाऊंच्या जन्मस्थानाच्या दर्शनाला किंवा लोणारचे सरोवर पाहायला निघालेले प्रवासी या गावाच्या आसपासून जातात. तेथे थांबणारे थोडे. शाळेच्या इतिहासात पालखेड असते, पानिपत असते, खर्डा असतो. साखरखेर्डा एखाद्या वाक्यात आला तर आला. वास्तविक ११ ऑक्टोबर १७२४ रोजी या गावाच्या शिवारात जी लढाई झाली, तिने दख्खनच्या मोठ्या भूभागाचे पुढील सव्वादोनशे वर्षांचे भवितव्य ठरविले. लढाईचे कारण मात्र मोठे चमत्कारिक होते. कोणी परकीय आक्रमक चालून आला नव्हता, धर्माचा प्रश्न उपस्थित झाला नव्हता, की सिंहासनाच्या वारसाचा निवाडा करावयाचा नव्हता. एका अधिकाऱ्याच्या जागी दुसऱ्याची नेमणूक झाली होती आणि पहिला अधिकारी जागा सोडावयास तयार नव्हता, एवढाच तो वाद.

त्या अधिकाऱ्याचे नाव मीर कमरुद्दीन. निजामुल्मुल्क आणि आसफजाह हे त्याचे किताब इतके रूढ झाले, की मूळ नाव अभ्यासकांखेरीज कोणाच्या स्मरणात राहिले नाही. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा हा मूळ पुरुष. साखरखेर्ड्याच्या रणांगणावर हत्तीवर बसून तोफा डागण्याचा हुकूम देणाऱ्या या मनुष्याने त्यापूर्वी बारा-चौदा वर्षे आधी आपल्या सर्व अधिकारपदांचा स्वखुशीने राजीनामा दिला होता आणि दिल्लीत फकिराची वस्त्रे धारण केली होती, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच या लढाईतील खरी विसंगती जाणवेल.

सत्तेला स्वतःहून मुदत घालून घेण्याची भाषा लोकशाहीत वरचेवर कानी येते. दोन वेळा निवडून द्या, तिसऱ्यांदा तोंड दाखविणार नाही, असे सांगणारा उमेदवार मतदाराला आवडतो. कारण ज्याला जाण्याची घाई आहे त्याला खाण्याची घाई नसणार, असे साध्या माणसाला वाटते. मुदत सरली की मात्र अपुरी राहिलेली कामे आठवतात, कार्यकर्त्यांचा आग्रह अनिवार होतो आणि जनतेची इच्छा ही शपथेपेक्षा श्रेष्ठ ठरते. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट यांनी नोव्हेंबर १९०४ मध्ये निवडणूक जिंकल्याच्या रात्रीच पुन्हा उमेदवारी स्वीकारणार नसल्याचे जाहीर केले. १९०८ मध्ये त्यांनी शब्द पाळला; १९१२ मध्ये मात्र नवा पक्ष काढून ते पुन्हा रिंगणात उतरले आणि आपली प्रतिज्ञा लागोपाठच्या कारकीर्दीपुरती होती असा अर्थ त्यांनी लावला. त्याच देशात १९९४ मध्ये जॉर्ज नेदरकट या उमेदवाराने प्रतिनिधिगृहाचे सभापती टॉम फोली यांचा पराभव केला, तो सदस्यत्वाला मुदत असावी याच मुद्द्यावर. तीनच वेळा निवडून येण्याचे त्यांचे वचन होते. २००० साली तीन मुदती पुऱ्या झाल्या, वचन बाजूला राहिले आणि मतदारांनी त्यांना चौथ्यांदा निवडून दिले. आपल्याकडे कर्नाटकात २००७ मध्ये वीस महिन्यांनी मुख्यमंत्रिपद मित्रपक्षाकडे सोपविण्याचा करार पाळण्याची वेळ आली, तेव्हा काय घडले हे सर्वश्रुत आहे. पंतप्रधान वा मुख्यमंत्री यांच्या कारकीर्दीच्या संख्येवर आपल्या राज्यघटनेने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. तेव्हा मर्यादा उरते ती शब्दाची. आणि शब्द किती टिकतो, हे तपासावयाचे तर निजामुल्मुल्काच्या चरित्राइतका बोलका पुरावा वऱ्हाडच्या मातीत दुसरा सापडणे कठीण.

मोगल अमदानीत सुभेदारीला कायद्याने ठरविलेली मुदत नव्हती. पण कोणताही सुभेदार एका प्रांतात फार काळ मुरू नये हा दंडक होता. काही वर्षांनी बदली व्हावयाची, जहागिरीही फिरत राहावयाच्या, आणि सरदार मेला की त्याच्या मालमत्तेचा हिशेब सरकारात होई. या पद्धतीत दोष पुष्कळ होते. उद्या जावयाचे म्हणून आज रयतेला पिळून घेणारे जहागीरदार तिनेच निर्माण केले. तथापि एक गोष्ट तिने साधली होती. प्रांत बादशहाचा आहे, सुभेदाराचा नाही, ही जाणीव दर बदलीच्या फर्मानाबरोबर ताजी होत असे.

कमरुद्दीनचा जन्म २० ऑगस्ट १६७१ चा. घराणे मध्य आशियातून आलेले. आजोबा ख्वाजा आबिद हे औरंगजेबाच्या विश्वासातले सरदार. १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने जखमी होऊन ते निवर्तले. आईच्या बाजूने तो शहाजहानचा विख्यात वजीर सादुल्लाखान याचा नातू. वडील गाजीउद्दीन फिरोजजंग यांची दृष्टी साथीच्या रोगात गेली. तरीही औरंगजेबाने त्यांना सेवेतून काढले नाही आणि पुढे वऱ्हाडचा सुभा देऊन अचलपुरास ठेवले. अशा घरात वाढलेल्या मुलाला सत्ता हे वर्तनाचे साधन न वाटता श्वासासारखी स्वाभाविक वाटावी यात नवल नाही. विशीच्या आत-बाहेर त्याला चिनकिलिचखान हा किताब मिळाला. मराठ्यांविरुद्धच्या मोहिमा, विजापूरचा कारभार, १७०५ मधील वाकिनखेड्याचा वेढा अशा क्रमाने तो चढत गेला. औरंगजेबाची शिस्त, काटकसर आणि संशयी स्वभाव हे तिन्ही त्याने उचलले. मार्च १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वृद्ध बादशहाने डोळे मिटले तेव्हा शहाजाद्यांच्या यादवीत न पडता दूर उभा राहिलेला हा पस्तीस वर्षांचा सरदार पुढच्या डावाचा विचार करीत होता.

नवा बादशहा बहादूरशाह याने त्याला दख्खनमधून हलवून उत्तरेत अवधची सुभेदारी आणि गोरखपूरची फौजदारी दिली. दख्खन हे ज्याचे कार्यक्षेत्र, जेथे त्याचे नातेवाईक आणि सैनिक विखुरलेले, तेथून हे स्थलांतर म्हणजे बढतीच्या वेष्टनातील हकालपट्टीच होती. त्याने एकदा राजीनामा दिला, समजूत पटल्यावर मागे घेतला. १७१० मध्ये वडील गुजरातेत निधन पावले, त्यानंतर पुन्हा दिला. या वेळी मनसब, किताब, पगार सर्व सोडून तो दिल्लीत एकांतात राहू लागला. संपत्ती वाटून टाकली, फकिराची कफनी चढविली आणि राजकारणाशी आपला संबंध संपल्याचे जगाला दाखविले.

हा त्याग ढोंगी होता काय? तसे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. शाकिर आणि आसफ या टोपणनावांनी फारसी कविता रचणाऱ्या, साधुसंतांच्या दर्ग्यांविषयी मनापासून आदर बाळगणाऱ्या या माणसाला वैराग्याचे आकर्षण होते, यात संशय नाही. परंतु त्या वेळी त्याच्याजवळ सोडण्यासारखे काय होते हेही पाहिले पाहिजे. नको असलेला प्रांत, दरबारात घसरलेले वजन आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेला बादशहा. जी खुर्ची डगमगत आहे ती सोडून दिल्याने मनुष्य विरक्त ठरत नाही. या काळातील एक गोष्ट इतिहासकार सांगतात. जहांदारशाहाच्या अल्प कारकीर्दीत त्याची लाडकी लालकुंवर हिची मैत्रीण, पूर्वी भाजी विकणारी जोहरा, हत्तीवरून लवाजम्यासह दिल्लीच्या रस्त्याने चालली होती. समोरून चिनकिलिचखान आला. तो बाजूला सरला, तरी तिने त्याला आंधळ्याचा पोर म्हणून हिणविले. तत्क्षणी त्याच्या शिपायांनी तिला हत्तीवरून खाली ओढले. ही हकिगत सामान्यतः उच्छृंखल दरबाराचा नमुना म्हणून सांगितली जाते. तिच्यातील दुसरा तपशील अधिक अर्थपूर्ण आहे. सर्वस्वाचा त्याग केलेल्या फकिराच्या मागे हुकमाची वाट न पाहता शस्त्र चालविणारे शिपाई अद्याप होते.

कफनी फार दिवस टिकली नाही. जहांदारशाहाच्या अखेरच्या दिवसांत तो पुन्हा सेवेत आला, आणि जानेवारी १७१३ मध्ये आग्र्याजवळ फर्रुखसियरविरुद्ध ऐन लढाईत तटस्थ उभा राहिला. विजयी फर्रुखसियरने तटस्थतेचे मोल ओळखून त्याला निजामुल्मुल्क हा किताब आणि दख्खनच्या सहाही सुभ्यांची सुभेदारी बहाल केली. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर आणि हैदराबाद असा तो विस्तीर्ण मुलूख. संन्याशाने गृहस्थाश्रमात परतावे आणि परतताच सासऱ्याचे सारे घर त्याच्या नावे व्हावे, तशातला हा प्रकार.

मात्र न्यायाने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १७१५ मध्ये सय्यदबंधूंपैकी हुसेनअली याची दख्खनवर नेमणूक झाली, तेव्हा निजामुल्मुल्काने मुकाट्याने जागा सोडली. वाटेत समोरून येणाऱ्या नव्या सुभेदाराची भेट घेण्याचे त्याने टाळले. परंतु शस्त्र उचलले नाही. दोन वर्षांतच हातचा प्रांत गेला, तरी बदलीचा दंडक त्याने मानला. त्याच्या आयुष्यातील हा प्रसंग बहुधा दुर्लक्षिला जातो. वस्तुतः त्याच्या साऱ्या त्यागांत हाच एक खरा होता, कारण येथे सोडावयाची वस्तू हवीहवीशी होती. दिल्लीत या आज्ञाधारकपणाचे चीज काय झाले? काही काळ रिकामपण, मग मुरादाबादची फौजदारी. ज्या दरबारात बदल्या कारभाराच्या सोयीसाठी न होता गटबाजीच्या हिशेबाने होतात, तेथे जागा सोडणारा शहाणा ठरत नाही, हा धडा त्याने या चार वर्षांत गिरविला.

१७१९ मध्ये सय्यदबंधूंनी फर्रुखसियरला पदच्युत करून ठार केले. त्याच वर्षी निजामुल्मुल्काला माळव्याची सुभेदारी देण्यात आली. पद स्वीकारण्यापूर्वी, हा प्रांत आपल्याकडून लवकर काढून घेतला जाणार नाही असे वचन त्याने सय्यदांकडून घेतल्याचे सांगतात. म्हणजे मुदतीची हमी मागणारा पूर्वीचा विरक्त फकीर! दिल्ली सोडताना त्याने बायकामुले, खजिना, चीजवस्तू सर्व बरोबर घेतले. परत येण्याचा इरादा नसल्याचे ते उघड चिन्ह होते. सय्यदांनी वचन मोडले. वर्षभरातच त्याला माळव्यातून परत बोलाविण्यात आले आणि त्यानेही मग आज्ञा मोडली. मे १७२० मध्ये नर्मदा ओलांडून तो दक्षिणेत उतरला. असीरगड आणि बुऱ्हाणपूर हाती आले. जूनमध्ये बुऱ्हाणपूरच्या परिसरात दिलावरअली आणि १० ऑगस्ट रोजी बाळापूरजवळ सय्यदांचा तरुण पुतण्या आलमअली, असे दोन सेनापती त्याने रणात लोळविले. हे बाळापूर आजच्या अकोला जिल्ह्यात, शेगावपासून फारसे दूर नाही. आलमअलीच्या बाजूने मराठ्यांच्या फौजाही होत्या. त्याच सुमारास सय्यदांचा पाडाव झाला. हुसेनअलीचा खून झाला आणि कालपर्यंत बंडखोर असलेला निजामुल्मुल्क बादशाहीचा तारणहार मानला गेला.

फेब्रुवारी १७२२ मध्ये तो वजीर म्हणून दिल्लीत आला. या वजिरीचे चित्र करुण आहे. खालसा जमिनींची लूट थांबवावी, जहागिरींची फेरतपासणी व्हावी, नेमणुकांसाठी नजराणे घेण्याची चाल बंद करावी, अशा त्याच्या सूचना होत्या. जिझिया पुन्हा लावण्याचा त्याचा आग्रह काळाची पावले न ओळखणारा होता. परंतु बाकीचा कार्यक्रम कोणत्याही जबाबदार मंत्र्याला शोभणारा होता. तरुण महंमदशाह आणि त्याची खुशमस्करी मंडळी यांना म्हाताऱ्या वजिराच्या जुन्या पद्धतीच्या पोषाखाची आणि चालीरीतीची थट्टा करण्यातच अधिक रस होता. दुसऱ्या बाजूने पाहता, वजिरीबरोबर दख्खनची सुभेदारीही त्याने सोडलेली नव्हती, आणि माळवा व गुजरात या प्रांतांवर त्याने आपल्याच आप्तांना बसविले होते. इतरांच्या जहागिरींची फेरतपासणी सुचविणाऱ्या वजिराने स्वतःच्या चार पदांचा प्रश्न कधी काढला नाही. दरबार भ्रष्ट होता हे खरे. पण दरबाराला त्याची भीती वाटत होती तीही अगदी निराधार नव्हती.

डिसेंबर १७२३ मध्ये शिकारीचे निमित्त करून तो दिल्लीबाहेर पडला आणि काही काळाने दक्षिणेकडे वळला. इकडे बादशहाने हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान याला गुप्तपणे कळविले, की दख्खनची सुभेदारी तुझी, निजामुल्मुल्काला हुसकून लाव. मुबारिझखानाने हैदराबादचा कारभार दहा-अकरा वर्षे सांभाळला होता. फर्मान त्याच्या बाजूने होते, कायदा त्याच्या बाजूने होता. फौज मात्र निजामुल्मुल्काची मोठी नसली तरी मुरलेली होती, तोफखाना सरस होता, आणि मे महिन्यात धारजवळ नालछा येथे पेशवा बाजीरावाची भेट घेऊन त्याने मराठ्यांशी तात्पुरता सलोखा साधला होता. मराठी साधनांप्रमाणे साखरखेर्ड्याच्या लढाईत बाजीराव त्याच्या बाजूने होता. लढाई घनघोर झाली. मुबारिझखान आणि त्याचे दोन पुत्र कामास आले.

त्यानंतर निजामुल्मुल्काने जे केले त्याला राजकीय चातुर्याचा कळस म्हणावे की निर्लज्जपणाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मुबारिझखानाचे मस्तक त्याने दिल्लीस पाठविले आणि एका बंडखोराचा बीमोड झाल्याबद्दल बादशहाचे अभिनंदन केले. ज्याने बादशहाच्या आज्ञेवरून शस्त्र धरले तो बंडखोर, आणि ज्याने ती आज्ञा धुळीस मिळविली तो एकनिष्ठ सेवक! महंमदशाहानेही हा मुलामा स्वीकारला. १७२५ मध्ये दख्खनची सुभेदारी कायम करून त्याला आसफजाह हा किताब देण्यात आला. बदली रद्द झाली, एवढेच नव्हे. बदली करण्याचा अधिकारच रद्द झाला.

आणि तरी त्याने स्वतःला कधी राजा म्हणविले नाही. खुत्बा बादशहाच्या नावाने, नाणी बादशहाच्या नावाची, पत्रव्यवहारातील नम्रता तशीच. मरेपर्यंत तो कागदोपत्री सुभेदारच राहिला. काही इतिहासकार याला त्याची निष्ठा मानतात. दुसराही अर्थ संभवतो. राजा झाला असता तर राजाची कर्तव्ये आणि वारसाचे नियम त्याला बांधील झाले असते. सेवक राहिला असता तर बदलीला तोंड द्यावे लागले असते. सेवकाचे नाव आणि राजाची सत्ता यांच्या संयोगात उत्तरदायित्व कोणाकडेच उरत नाही. वर जाब विचारणारा नाही, खाली विचारण्याची कोणाची छाती नाही. आपल्या काळात जनसेवक म्हणून जे तहहयात सत्तेत राहतात, त्यांना हे सूत्र निराळे समजावून सांगण्याचे कारण नसावे.

त्याच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. दिल्लीचे तख्त खिळखिळे झाले होते. १७२४ मध्ये त्याने जागा सोडली असती तर दख्खनमध्ये मोगली अंमल टिकला असता काय, याची शंकाच आहे. मुबारिझखान बाजीरावापुढे किती दिवस तग धरता? खुद्द निजामुल्मुल्कालाही १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेड येथे बाजीरावाने पाण्यावाचून कोंडीत पकडले आणि मुंगी-शेवगावच्या तहात चौथाई-सरदेशमुखी मान्य करावयास लावली. दहा वर्षांनी भोपाळजवळ पुन्हा तेच घडले. इतके पराभव पचवूनही त्याने राज्य राखले, यातच त्याचे कर्तृत्व दिसते. प्रसंग आणीबाणीचा होता, माणूस समर्थ होता आणि पर्याय दुबळा होता. हे तिन्ही मुद्दे खरे मानले तरी अडचण संपत नाही. जागा न सोडणाऱ्या प्रत्येकाजवळ हेच तीन मुद्दे असतात, आणि ते खरे की खोटे याचा निर्णय तो स्वतःच देत असतो. निजामुल्मुल्काच्या बाबतीत तो निर्णय साखरखेर्ड्याला तोफांनी दिला.

त्याची किंमत त्याला घरातच मोजावी लागली. १७३७ मध्ये बादशहाच्या बोलावण्यावरून तो दिल्लीला गेला आणि दख्खनचा कारभार मुलगा नासिरजंग याच्या हाती सोपविला. नादिरशाहाची स्वारी, १७३९ ची दिल्लीची कत्तल या साऱ्यांतून पार पडून वृद्ध निजामुल्मुल्क दक्षिणेत परतू लागला, तेव्हा मुलाला जागा सोडवेना. बापाने सतरा वर्षांपूर्वी बादशहाला दिलेले उत्तर मुलाने बापाला द्यावयाचे ठरविले. प्रथम नासिरजंग खुल्दाबादला संत बुऱ्हाणुद्दीन यांच्या दर्ग्यात जाऊन फकीर होऊन बसला. सर्व सोडल्याचे त्यानेही जाहीर केले. आणि १७४१ मध्ये तेथूनच फौज जमवून औरंगाबादवर चालून आला. कफनी, एकांत, मग पुन्हा तलवार: घराण्याची परंपरा एका पिढीत पक्की झाली होती. औरंगाबादच्या वेशीजवळ बापाने मुलाचा पराभव केला, त्याला जखमी अवस्थेत पकडून कैदेत ठेवले आणि पुढे क्षमा केली. सत्तर वर्षांच्या त्या म्हाताऱ्याला त्या दिवशी मुबारिझखान आठवला असेल काय, याची नोंद कोणत्याही बखरीत असणे शक्य नाही.

१ जून १७४८ रोजी बुऱ्हाणपूर येथे त्याचा अंत झाला. त्यापूर्वी काही आठवडेच महंमदशाहही दिल्लीत निवर्तला होता. निजामुल्मुल्काचा देह खुल्दाबादेस, ज्या दर्ग्यात नासिरजंग फकीर होऊन बसला होता त्याच आवारात पुरण्यात आला.

नंतरची चौदा वर्षे वारसांच्या झुंजीची. ज्या पदावर कायदेशीर वारसा नव्हता आणि ज्याची नेमणूक करणारा अधिकारीही आता नामधारी झाला होता, ते पद मिळविण्याचा मार्ग एकच उरला होता, आणि तो प्रत्येकाने चोखाळला. १७५० च्या डिसेंबरात नासिरजंग मारला गेला. दोन महिन्यांत त्याचा भाचा मुजफ्फरजंग त्याच वाटेने गेला. फ्रेंचांच्या आधाराने सलाबतजंग आला. थोरला मुलगा गाजीउद्दीन १७५२ मध्ये बादशहाचे रीतसर फर्मान घेऊन औरंगाबादेस पोचला आणि तेथे विषप्रयोगाने मेला. १७६२ मध्ये निजामअलीने सलाबतजंगाला बाजूस सारून मसनद बळकावली. पुढल्या वर्षी बीदरच्या कैदेत सलाबतजंगाचे आयुष्य संपले. फ्रेंच आणि इंग्रज कंपन्यांना दख्खनच्या राजकारणात पाय रोवण्यास जागा मिळाली ती याच भाऊबंदकीत.

वऱ्हाडच्या कुणब्याला या उलाढालींचा अर्थ वसुलीच्या दिवशी कळत असे. निजामाचे अंमलदार एका बाजूने आणि नागपूरकर भोसल्यांचे दुसऱ्या बाजूने, असा दुअंमल या प्रांतावर दीर्घकाळ चालला. एकाच शेताच्या पिकावर दोन धन्यांचे हक्क, आणि गाऱ्हाणे ऐकण्यास धनी एकही नाही. बदलीचा जुना दंडक वाईट सुभेदाराला कधी ना कधी हलवीत असे. आता हलविणाराच नाहीसा झाला होता. १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपविला, १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने देऊन टाकला, आणि तरी नावापुरते स्वामित्व ठेवलेच. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या किताबात वऱ्हाडचे नाव जोडले गेले आणि त्याच्या थोरल्या मुलाला वऱ्हाडचा युवराज म्हणण्यात येऊ लागले. बुलढाण्याच्या शेतकऱ्याने सारा भरावयाचा इंग्रजांकडे, आणि युवराज मात्र हैदराबादचा.

जी नेमणूक १७२४ मध्ये संपावयाची होती ती संपली १७ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबादच्या फौजांनी भारतीय सैन्यापुढे शस्त्रे खाली ठेवली तेव्हा. सातवे निजाम उस्मानअली हे त्यानंतरही राजप्रमुख म्हणून १९५६ पर्यंत राहिले. ते पद मात्र राज्यघटनेने निर्माण केले होते, आणि राज्यपुनर्रचना होताच घटनादुरुस्तीनेच ते रद्द झाले. कोणाला राजीनामा मागावा लागला नाही, की वचनाची आठवण करून द्यावी लागली नाही.

विजयानंतर निजामुल्मुल्काने साखरखेर्ड्याचे नाव फत्तेखेर्डा असे ठेवले होते. जुन्या कागदपत्रांत आणि इतिहासाच्या ग्रंथांत ते नाव आढळते. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र ते कधी बसले नाही. सुभेदार आले, बादशहाही गेले, आजही एस. टी.च्या पाटीवर आणि शाळेच्या फलकावर साखरखेर्डा हेच नाव आहे.